बेटांच्या किनाऱ्यावरील त्सुनामीचे थर कसे शोधावेत आणि कसे वाचावेत

२६ डिसेंबर २००४ रोजी सुमात्रा-अंदमान भूकंपातून उठलेल्या त्सुनामीने थायलंडच्या फ्रा थोंग बेटावर वाळूचा जो थर पसरवला, तो बहुतेक ठिकाणी वीतभरही जाड नव्हता. पुढे संशोधकांनी त्याच बेटावर, किनाऱ्याला समांतर गेलेल्या जुन्या वाळूच्या बांधांमधल्या ओलसर सखल पट्ट्यांत खणून पाहिले, तेव्हा या थराखाली काळी माती आणि त्या मातीखाली पुन्हा तसाच वाळूचा थर सापडला. तो सुमारे ५५० ते ७०० वर्षांपूर्वीचा ठरला आणि त्याच्याही खाली आणखी जुने थर होते. ज्या किनाऱ्यावर २००४ पूर्वी अशी लाट कोणाच्या स्मरणात नव्हती, तिथे ती पूर्वीही येऊन गेली होती, हे त्या खड्ड्यांमुळे कळले.

असे थर शोधण्याच्या कामाला पहिल्यांदाच हात घालणाऱ्यांसाठी हा लेख लिहिला आहे. कामाची साधने फारशी अवघड नाहीत. अवघड आहे ती घाई टाळणे, कारण वाळूचा थर दिसला की त्याला त्सुनामीचे नाव देण्याचा मोह अनुभवी माणसालाही होतो. म्हणून सुरुवातीपासून एक प्रश्न सतत विचारत राहावा: हा थर त्सुनामीखेरीज दुसऱ्या कशाने तयार झाला असू शकतो का? पुढच्या सर्व पायऱ्या या एका प्रश्नाचे उत्तर मिळवण्यासाठीच आहेत.

पायरी १: बेट काय देऊ शकते हे आधी पाहावे

त्सुनामी स्वतःबरोबर गाळ घेऊन जन्माला येत नाही. वाटेत जे मिळेल ते ती उचलते. उथळ समुद्रतळ, पुळण, वाळूच्या टेकड्या, लगूनचा (वाळूच्या बांधाने किंवा प्रवाळकड्याने समुद्रापासून अडलेल्या उथळ पाण्याचा) चिखल आणि किनाऱ्यामागची माती हे तिचे साठे असतात. मोठ्या भूभागाच्या किनाऱ्यावर नद्यांनी आणलेल्या वाळूचा पुरवठा भरपूर असतो, पण लहान बेटांवर तो तुटपुंजा असू शकतो. खडकाळ किनाऱ्याच्या बेटावर प्रचंड लाट येऊन गेली तरी मागे वाळूचा थर जवळजवळ राहणारच नाही. काही विखुरलेले धोंडे आणि खरवडलेली माती एवढाच पुरावा उरेल. उलट प्रवाळांच्या बेटावर पुळणीची वाळू, बेटाच्या आतली जमीन आणि लाटेने आणलेला थर हे सारेच पांढरे असल्याने थर असूनही डोळ्यांना दिसत नाही.

त्यामुळे बेटावर पाऊल ठेवण्यापूर्वीच भूवैज्ञानिक नकाशा, समुद्राच्या खोलीचा नकाशा आणि जितकी जुनी मिळतील तितकी हवाई छायाचित्रे गोळा करावीत. ज्वालामुखी बेटांवर काळी बेसाल्टी वाळू कोठून येते, प्रवाळकडा किनाऱ्यापासून किती दूर आहे, वाळूचे बांध कोणत्या बाजूला आहेत आणि चक्रीवादळे बहुतांशी कोणत्या दिशेने येतात, हे सर्व टिपून ठेवावे. शेवटची नोंद पुढे वादळ आणि त्सुनामी यांची उकल करताना सर्वाधिक उपयोगी पडते.

पायरी २: थर टिकेल अशी जागा निवडावी

नवखा माणूस पुळणीवरच खणायला लागतो. तिथे काही सापडत नाही, आणि सापडले तरी त्यावर विसंबता येत नाही, कारण पुळणीची वाळू दर भरतीला आणि दर वादळात उलथापालथ होत असते. शिवाय त्सुनामी अगदी किनाऱ्यालगत बहुधा माती खरवडते आणि थोडे आत गेल्यावर वाळू टाकते. १७ जुलै १९९८ च्या त्सुनामीनंतर पापुआ न्यू गिनीच्या उत्तर किनाऱ्यावर झालेल्या पाहणीत किनाऱ्यालगतचा पट्टा खरवडलेला आढळला. वाळूचा सलग थर त्यामागे सुरू होऊन सुमारे ७५० मीटरपर्यंत आत गेला होता आणि त्याची सरासरी जाडी सुमारे ८ सेंटिमीटर होती.

आपल्याला हवी असते ती एरवी शांत राहणारी जागा, जिथे वर्षानुवर्षे बारीक चिखल किंवा कुजलेल्या वनस्पतींचा काळपट थर, म्हणजे पीट, साचत जातो आणि वाळू पोचण्याचे नेहमीचे कोणतेही कारण नसते. वाळूच्या बांधांमधले सखल पट्टे, किनाऱ्यामागची तळी, दलदली आणि खारफुटीच्या मागच्या खाड्या या दृष्टीने उत्तम असतात. स्कॉटलंडच्या उत्तरेकडील शेटलंड बेटांवरील तळ्यांत आणि पीटमध्ये सुमारे ८१५० वर्षांपूर्वीच्या स्टोरेगा त्सुनामीची (नॉर्वेजवळ समुद्रतळाची मोठी दरड कोसळून उठलेल्या लाटेची) वाळू आणि उखडलेल्या पीटचे तुकडे सापडतात, आणि ते त्या काळच्या समुद्रपातळीपेक्षा २० मीटरहून अधिक उंचीवर आहेत. इतक्या उंचीवर समुद्राची वाळू वादळाने नेली असे म्हणणे कठीण, म्हणून उंचावरची तळी विशेष मोलाची असतात.

काही वेळा अनपेक्षित जागा कामी येते. हवाई द्वीपसमूहातील काउआई बेटावर मकाउवाही नावाचे चुनखडकातले एक मोठे विवर आहे. त्याचा काठ समुद्रपातळीपेक्षा सुमारे ७ मीटर उंच आहे, आणि तो ओलांडून आत पडलेल्या खडे-वाळूच्या थरावरून अलास्काजवळच्या अल्यूशियन बेटांच्या बाजूने आलेल्या एका मोठ्या त्सुनामीचा अंदाज बांधला गेला. सुमात्रा बेटावर आचे प्रांतातील किनाऱ्याच्या एका गुहेत वटवाघळांच्या विष्ठेच्या थरांमध्ये समुद्राच्या वाळूचे थर आलटून पालटून आहेत. सुमारे ७४०० ते २९०० वर्षांपूर्वीच्या काळातल्या किमान ११ त्सुनामींची नोंद त्यांत सापडली. या घटनांमधली अंतरे अजिबात सारखी नाहीत: मध्ये दोन हजार वर्षांहून अधिक काळ काहीच नाही, तर एका शतकातच चार त्सुनामी आहेत. ‘दर इतक्या वर्षांनी एक’ असे गणित मांडण्याची घाई असणाऱ्यांनी ही गुहा लक्षात ठेवावी.

जागा निवडताना माणसांचा विचार आधी यावा. बेटांवर जमीन थोडी आणि तिच्याशी जोडलेल्या श्रद्धा पुष्कळ असतात. दफनभूमी, पूजास्थाने आणि कुळांच्या सामाईक जागा नकाशावर दिसत नाहीत. जमिनीच्या मालकांची आणि स्थानिक प्रमुखांची परवानगी खणण्यापूर्वी घ्यावी. शिवाय ही चर्चा वैज्ञानिकदृष्ट्याही लाभाची ठरते, कारण कोणत्या दलदलीत पूर्वी अळूची लागवड होती, कोठे भर घातली, कोठे वाळू उपसली, हे स्थानिक लोकच सांगू शकतात. लागवडीसाठी उलथलेल्या मातीतला वाळूचा थर त्सुनामीचा समजला जाणे ही अगदी संभवनीय चूक आहे.

पायरी ३: एक खड्डा नव्हे, खड्ड्यांची रांग

किनाऱ्यापासून काटकोनात आत जाणारी एक सरळ रेषा आखावी आणि तिच्यावर ठरावीक अंतराने छेद घ्यावेत. आधी हाताने फिरवण्याच्या ऑगरने, म्हणजे माती पोखरून वर काढणाऱ्या गिरमिटाने, झटपट चाचपणी करावी आणि थर सापडला की निवडक ठिकाणी नीट खड्डे खणावेत. खड्ड्यात थराची सीमा, तिचा चढउतार आणि मुळांची किंवा खेकड्यांची बिळे दिसतात. अरुंद नळीत आलेल्या नमुन्यात ती दिसत नाहीत. पाणथळ जागी मात्र खड्डा लगेच पाण्याने भरतो, म्हणून तिथे नळीशिवाय गत्यंतर नसते. नळी ठोकून किंवा कंपनाने आत घालताना पीट दाबले जाते. आत गेलेली लांबी आणि मिळालेल्या नमुन्याची लांबी दोन्ही नोंदवली नाहीत, तर थरांची खोली चुकते.

खड्ड्याची एक भिंत थापीने वरून खाली सपाट खरवडावी. तिच्याशेजारी मोजपट्टी धरून, सावली पडणार नाही अशा बेताने छायाचित्र घ्यावे. त्यानंतर वही काढून फक्त दिसते तेवढे लिहावे: रंग, कणांचा आकार, थराची जाडी, खालची सीमा धारदार की अस्पष्ट, शिंपले, लाकूड, मुळे. ‘त्सुनामीचा थर’ हे शब्द या वहीत येऊ नयेत. ही शिस्त कोरडी वाटेल, पण दोन वर्षांनी दुसऱ्या कोणी तुमची वही उघडली तर त्याला तुमचे मत नको असते, भिंत हवी असते.

प्रत्येक छेदाचे अचूक स्थान आणि समुद्रपातळीच्या संदर्भातली उंची मोजणे अनिवार्य आहे. हातातल्या साध्या जीपीएसची उंची यासाठी पुरेशी नसते. सर्वेक्षणाचे उपकरण मिळवावे, किंवा निदान भरतीच्या पातळीपासून लेव्हल (उंचीतला फरक मोजण्याचे साधे उपकरण) लावून मोजमाप घ्यावे. आणि पुढच्या भरतीची वेळ पाहिल्याशिवाय खोल खड्ड्यात उतरू नये. ओल्या वाळूच्या भिंती सूचना देऊन ढासळत नाहीत.

पायरी ४: थर खालून वर वाचावा

आधी तळ पाहावा. वेगाने आलेले पाणी जुनी माती कापते, म्हणून त्सुनामीच्या थराचा तळ पुष्कळदा धारदार असतो, आणि कधी खालच्या मातीचे उखडलेले गोळे वाळूत अडकलेले दिसतात. मातीवरचे गवत त्याच जागी, एका दिशेने आडवे होऊन वाळूखाली दबलेले सापडले तर ते भाग्यच समजावे. पाणी कोणत्या दिशेने गेले हे त्यावरून कळते, आणि त्या गवताचे वय काढता येते.

मग थराच्या आत वर सरकावे. पाण्याचा वेग कमी होताना आधी जड, भरड कण बसतात आणि नंतर बारीक, म्हणून थर तळाशी भरड आणि वर बारीक असतो. एका त्सुनामीत अनेक लाटा येतात. त्यामुळे एकाच थरात अशी दोन-तीन आवर्तने एकावर एक असू शकतात, आणि दोन आवर्तनांच्या मध्ये पाणी साचून राहिलेल्या वेळी बसलेल्या चिखलाची पातळ पट्टी असू शकते. परतणारे पाणीही वाळू हलवते, म्हणून सगळे कण आतल्या दिशेनेच गेले असे गृहीत धरू नये.

प्रवाळ बेटांवर इथे एक सापळा आहे. क्वार्ट्‌झचे कण साधारण गोलसर असतात आणि चाळणीने मोजलेला आकार व पाण्यात बसण्याचा वेग यांचा मेळ बसतो. प्रवाळी वाळूत शिंपल्यांचे चपटे तुकडे, हॅलिमेडा शैवालाच्या पातळ चकत्या आणि फोरॅमिनिफेरा या सूक्ष्म समुद्रजीवांची पोकळ कवचे असतात. त्यांतली मोठी चकतीसुद्धा लहान कणाइतक्याच हळू खाली बसते. चाळणीचे आकडे पाहून ‘वर बारीक होत जाणे दिसत नाही’ असा निष्कर्ष काढला जातो, तेव्हा दोष बहुधा मोजण्याच्या पद्धतीचा असतो. अशा वाळूसाठी कण पाण्याच्या उभ्या नळीत सोडून बसण्याचा वेगच मोजावा.

शेवटी थर आडवा वाचावा, म्हणजे खड्ड्यामागून खड्डा चालत जावे. आत जाताना थर पातळ आणि बारीक होत गेला, जुन्या जमिनीतले सखल भाग भरून उंचवट्यांवर विरळ झाला आणि तरी सलग राहिला, तर तो एका घटनेने पसरलेली चादर असण्याची शक्यता वाढते. एका खड्ड्यातला सुंदर थर शेजारच्या तीन खड्ड्यांत नसेल, तर मी तो ओढ्याचा किंवा वाऱ्याचा समजूनच पुढे जाईन.

पायरी ५: नमुने आणि प्रयोगशाळा

थरातून, त्याच्या लगेच खालून आणि लगेच वरून नमुने घ्यावेत. तुलनेसाठी आजची पुळण, वाळूची टेकडी, लगूनचा तळ आणि ओढा यांतूनही घ्यावेत. तुलनेचे नमुने नसतील तर वाळू कोठून आली हे सांगता येत नाही. पीटमध्ये वाळूचा थर किती वेगळा आहे हे मोजण्याची सोपी रीत म्हणजे वाळवलेला नमुना भट्टीत ५५० अंश सेल्सियसला जाळणे. वजनातली घट जैव द्रव्याचे प्रमाण दाखवते. डायटम (एकपेशीय शैवाल) आणि फोरॅमिनिफेरा हे सूक्ष्म जीव गोड्या, मचूळ आणि खाऱ्या पाण्यात वेगवेगळे असतात. गोड्या पाण्याच्या तळ्यात खोल समुद्रतळावरच्या जाती सापडल्या, तर वाळू पुळणीपलीकडून आली हे कळते. मात्र आम्लयुक्त पीटमध्ये फोरॅमिनिफेरांची चुनकवचे विरघळून जातात. ती नाहीत म्हणजे समुद्र आला नव्हता, असा अर्थ काढू नये. क्षारांवरही फार भिस्त ठेवू नये, कारण उष्ण कटिबंधातला पाऊस वाळूतले मीठ लवकर धुऊन काढतो.

पायरी ६: वादळ की त्सुनामी

कामाचा कस इथे लागतो, आणि बेटांवर तर अधिकच, कारण पुष्कळ बेटे चक्रीवादळांच्याही वाटेवर असतात. ढोबळ फरक असा सांगितला जातो. त्सुनामीच्या लाटा थोड्या पण लांबच लांब असतात. प्रत्येक लाट कित्येक मिनिटे आत येत राहते, म्हणून थर पातळ, बहुधा २५ सेंटिमीटरपेक्षा कमी, आणि दूरवर पसरलेला असतो. वादळात हजारो लाटा तासन्‌तास बांधावर आदळतात, म्हणून किनाऱ्यालगत वाळूचा जाड, अनेक बारीक पट्ट्यांचा ढीग होतो आणि तो थोड्याच अंतरात संपतो. उखडलेल्या मातीचे गोळे आणि चिखलाच्या पट्ट्या त्सुनामीत अधिक, वादळात कमी आढळतात.

हे नियम उपयोगी आहेत, पण नुसत्या तक्त्यावर खुणा करून निकाल देणे धोक्याचे आहे. नोव्हेंबर २०१३ मधल्या हैयान वादळाच्या वेळी फिलिपाइन्सच्या पूर्व समार भागात प्रवाळकड्यावर लाटांचे गट फुटून पाण्याची एक लांब, त्सुनामीसारखी लोंढ्याने येणारी उसळी तयार झाली. म्हणजे त्सुनामीची म्हणून सांगितली जाणारी वागणूक प्रवाळकडा असलेल्या बेटावर वादळही दाखवू शकते.

माझ्या मते सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे त्याच बेटावर ओळखीच्या घटनेचा थर शोधणे. गेल्या शंभर वर्षांतले मोठे वादळ किती आत आले होते, त्याने काय टाकले, हे आधी पाहावे; जुना थर त्या मर्यादेच्या पुष्कळ पलीकडे जात असेल, तरच पुढे बोलावे. दुसरा भक्कम पुरावा जमिनीच्या हालचालीचा. मोठ्या भूकंपात किनारा खचतो किंवा उचलला जातो. थराखाली कोरड्या जमिनीची माती आणि थरावर लगेच भरतीच्या पाण्यातला चिखल असेल, तर जमीन खचली आणि त्याच वेळी वाळू आली. वादळ जमीन खचवत नाही. ही खूण मात्र भूकंपाच्या जवळच्या बेटांवरच मिळेल. महासागर ओलांडून आलेल्या त्सुनामीच्या थरात ती नसते.

पायरी ७: धोंडे

बेटांवर वाळूपेक्षा धोंडे लवकर नजरेत भरतात, आणि त्यांच्याबाबत चुकाही तितक्याच मोठ्या होतात. जपानच्या इशिगाकी बेटावर २४ एप्रिल १७७१ च्या मेइवा त्सुनामीने आणलेले प्रवाळांचे धोंडे आजही उभे आहेत. केप व्हर्देच्या सांतियागो बेटावर ७०० टनांपर्यंतचे धोंडे सुमारे २०० मीटर उंचीवर पडलेले आहेत. शेजारच्या फोगो ज्वालामुखीची बाजू सुमारे ७३,००० वर्षांपूर्वी समुद्रात कोसळून उठलेल्या त्सुनामीशी त्यांचा संबंध जोडला गेला आहे. अशी उदाहरणे वाचून प्रत्येक मोठ्या धोंड्यात त्सुनामी दिसू लागते. पण २०१३-१४ च्या हिवाळ्यात आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर निव्वळ वादळी लाटांनी ६२० टनांचा धोंडा हलवला. वजन एकटे काहीच सिद्ध करत नाही.

म्हणून धोंड्याची लांबी-रुंदी-उंची, खडकाचा प्रकार, किनाऱ्यापासूनचे अंतर आणि उंची मोजावीच, शिवाय तो मुळात कोठला हे शोधावे. वरच्या कड्यावरून घरंगळत आला असेल का, हा प्रश्न सर्वांत आधी विचारावा. प्रवाळाचा धोंडा पालथा पडला असेल तर त्याची वाढ खालच्या दिशेने तोंड केलेली दिसते, आणि तो त्या जागी वाढलेला नाही हे ठरते. वय काढण्यासाठी त्याच्या सर्वांत बाहेरच्या, म्हणजे शेवटी वाढलेल्या, भागाचा नमुना घ्यावा. तोही झिजलेला असेल, तर मिळालेले वय खऱ्यापेक्षा जुने असते.

पायरी ८: वय ठरवणे

थरातल्या शिंपल्याचे वय म्हणजे लाटेचे वय नव्हे. शिंपला पुळणीवर शेकडो वर्षे पडून असू शकतो. शिवाय समुद्रातल्या जीवांचे रेडिओकार्बन वय (अवशेषांत उरलेल्या किरणोत्सर्गी कार्बनवरून काढलेले वय) मुळातच काही शतके जास्त दिसते, आणि ही तफावत प्रत्येक समुद्रात निराळी असते. त्याऐवजी थराच्या लगेच खालची व लगेच वरची नाजूक पाने, बिया किंवा काटक्या निवडाव्यात. त्या दूरवरून अखंड वाहून येत नाहीत. खालचे वय ‘यानंतर’ आणि वरचे वय ‘यापूर्वी’ असे दोन खांब देते, आणि घटना त्यांच्या मध्ये असते. ब्रिटिश व्हर्जिन बेटांपैकी ॲनेगाडा बेटावर आतल्या भागात सापडलेल्या वाळूच्या चादरीचा आणि प्रवाळी धोंड्यांचा काळ याच रीतीने १६५० ते १८०० असा दिला गेला. एकच वर्ष सांगण्याचा अट्टहास केला गेला नाही, हे अनुकरणीय आहे.

वाळूच्या कणांवर शेवटचा सूर्यप्रकाश कधी पडला हे मोजणारी प्रकाशदीप्तीची पद्धतही वापरली जाते, पण तिला क्वार्ट्‌झ किंवा फेल्डस्पार लागते, जे निखळ प्रवाळी बेटावर मिळत नाही. तिथे प्रवाळाचे युरेनियम-थोरियम वय, म्हणजे त्यातल्या युरेनियमचे किती थोरियम झाले यावरून काढलेले वय, अधिक नेमके असते. अलीकडच्या थरांसाठी अणुचाचण्यांमधून पसरलेल्या सीझियम-१३७ या किरणोत्सर्गी द्रव्याचा १९६३ च्या सुमाराचा उच्चांक खुणेसारखा वापरता येतो.

पायरी ९: निष्कर्ष लिहिताना

वाळू जिथे संपते तिथे पाणी थांबले, असे लिहू नये. ११ मार्च २०११ च्या त्सुनामीत जपानच्या होन्शू बेटावरील सेंदाईच्या सपाट भागात पाणी साडेचार किलोमीटरपर्यंत आत गेले, पण अर्ध्या सेंटिमीटरहून जाड वाळू सुमारे तीन किलोमीटरवरच संपली. त्यापुढे फक्त चिखल होता, आणि तसा चिखल काही शतकांनी ओळखू येणे कठीण. जुन्या थरावरून काढलेला पाण्याचा पल्ला म्हणून किमान पल्ला असतो, आणि अहवालात ‘किमान’ हा शब्द असलाच पाहिजे. तसेच थर न सापडणे म्हणजे लाट न येणे नव्हे: खेकडे आणि मुळे काही वर्षांतच पातळ थर ढवळून टाकतात, वारा वाळू उडवतो, पुढची लाट मागचा थर खरवडते.

काम संपल्यावर खड्डे ज्या क्रमाने माती निघाली त्याच्या उलट क्रमाने, म्हणजे खालची माती खाली आणि वरची वर, भरावेत. नळीतला प्रत्येक नमुना उभा चिरून त्याचा एक अर्धा भाग तसाच राखावा आणि गुंडाळून थंड ठिकाणी ठेवावा. त्यावर स्थान, उंची, तारीख आणि ‘वर’ कोणती बाजू हे न पुसणाऱ्या शाईने लिहावे, कारण उलटा ठेवलेला नमुना वर भरड आणि खाली बारीक दिसतो.